समुद्राच्या मोजणीला एक माणूस

मी आजवर लिहिलेली बहुतेक पत्रे कुणाला ना कुणाला जाब विचारणारी आहेत. दिवाणी न्यायालयात बेलिफ म्हणून लागलो आणि नाझर म्हणून निवृत्त झालो. दुसऱ्याच्या दारात कागद घेऊन उभे राहणे आणि त्याची पोच घेतल्याशिवाय न हलणे, यातच उमेदीची वर्षे गेली. कागदाला उत्तर न देणाऱ्या माणसाचा मला तेव्हा जो संताप येई तो निवृत्तीनंतरही उतरला नाही. बंद पडलेले पथदिवे, भलत्याच मीटरचे वीजबिल, बसथांब्यावरून नाहीसे झालेले बाक, या प्रत्येकाची माझ्याकडे स्वतंत्र नस्ती आहे आणि प्रत्येक नस्तीत स्मरणपत्रांच्या प्रती क्रमवार लावलेल्या आहेत. त्या कपाटाला माझी पत्नी ‘तुमचं सासर’ म्हणते, कारण मी तिथे गेलो की लवकर परत येत नाही.

मात्र इथे ज्या पत्राची हकीकत सांगायची आहे ते जाब विचारणारे नव्हते. ते कबुलीचे होते, आणि त्याचा विषय समुद्र होता. मी समुद्र दोनदाच पाहिला आहे. दोन्ही वेळा कोर्टाचे कागद पोचवायला मुंबईला गेलो होतो आणि दोन्ही वेळा परतीची गाडी गाठायची असल्यामुळे उभ्या उभ्याच पाहिला.

आमचे घर जालना रस्त्यापासून थोडे आत आहे. बांधले तेव्हा गच्चीवरून बाजरीची शेते दिसत. आता करमाडपर्यंत वस्ती, गोदामे आणि मोटारींची दुकाने यांना खंड नाही. शहर असे पूर्वेकडे धावत सुटले होते आणि पाऊस मात्र लागोपाठ दोन वर्षे फिरकला नव्हता, अशा काळात वरच्या खोलीसाठी एक परदेशी विद्यार्थी विचारायला आला. हिंदी महासागरातल्या एका लहानशा बेटांच्या देशातून तो भूगर्भशास्त्र शिकायला आमच्या शहरात आला होता. तीन घरमालकांनी त्याला नकार दिला होता. मी भाडेकरार त्याच्यापुढे ठेवला. तो त्याने पाऊण तास वाचला आणि बाजारात उचललेल्या हिंदीत विचारले की अकराव्या कलमात पाणी मिळेल असे लिहिले आहे, पण किती, ते का लिहिलेले नाही.

माझ्या करारनाम्याचे अकरावे कलम कुणी वाचल्याची ती पहिली घटना होती. मी त्याच क्षणी त्याला खोली दिली.

पाणी किती, हे मलाच ठाऊक नव्हते तर त्याला काय सांगणार? नळाला पाणी येण्याचा दिवस ठरलेला नसे. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबे आणि तिथे पिंपे, कळश्या, तेलाचे डबे यांची रांग लागे. तो कॉलेजला जाण्याआधी आमच्या घराचेही दोन डबे घेऊन त्या रांगेत उभा राही. गल्लीतली माणसे त्याला ‘समुंदरवाले’ म्हणत आणि डबा पुढे सरकव म्हणून डिवचत. तो हसून उत्तर देई, “हमारे मुल्क में पानीच पानी है भाई. पीने का नहीं है, बस.” आमच्याकडची दखनी बोली तो त्या रांगेतच शिकला. सहा महिन्यांत तो मला काका आणि पत्नीला काकू म्हणू लागला. पत्नी त्याला मराठीत रागावे आणि तो ‘हौ काकू’ म्हणून ऐकून घेई.

एकदा त्याच्या शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला. मी त्याला अर्ज लिहून दिला आणि अर्ज कसा लिहावा हेही शिकवले. माझी पद्धत अशी की पहिला मसुदा पेन्सिलने लिहायचा. त्यात सगळा संताप ओतायचा. मग तो बाजूला ठेवून शाईने दुसरा लिहायचा, त्यात फक्त वस्तुस्थिती आणि नियम. याशिवाय एक गुपित मी त्याला सांगितले, जे कोर्टाच्या आवारात कुणाही कारकुनाला ठाऊक असते. समोरचा नेहमी कापतो, म्हणून मागताना जास्त मागावे. दीडपट मागावे, म्हणजे कापूनही पुरते. आम्ही भाडे, पुस्तके आणि प्रवासखर्च मागितला. भाडे आणि पुस्तके मिळाली. प्रवास त्याला करायचाच नव्हता. तो थक्क झाला. मला गुरुदक्षिणा मिळाल्यासारखे वाटले.

त्याच उन्हाळ्यात हर्सूलचा तलाव तळापर्यंत आटला. एका सकाळी तो मला तिकडे घेऊन गेला. गाळ वाळून त्याच्या फरशीएवढ्या खपल्या उठल्या होत्या आणि त्यांवरून बकऱ्या चालत होत्या. काठावर उभे राहून त्याने मला विचारले की जमीन कुठे संपते. मी अर्थातच काठाकडे बोट दाखवले. तो काठ उतरून खाली गेला, पायाने गाळ उकरला आणि खालचा मुरूम दाखवला. आणखी पन्नास पावले गेला, पुन्हा मुरूम. काठाची टेकडी गाळाखाली तशीच उतरत गेली होती. बरेच पुढे गेल्यावर उतार मोडला, तळ सपाट झाला, आणि तिथे कितीही उकरले तरी गाळच लागला. तिथे उभा राहून त्याने हात वर केला.

मग त्याने मला कायदा सांगितला. किनारा असलेल्या देशाचा समुद्रावरचा हक्क सामान्यतः दोनशे सागरी मैलांपर्यंत असतो. पण त्या देशाची जमीन पाण्याखाली त्याहीपुढे पसरत गेली असेल, तर पुढच्या तळावरही तो हक्क सांगू शकतो. मात्र उताराचा पायथा नेमका कुठे आहे हे मापे घेऊन तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळापुढे सिद्ध करावे लागते. त्याच्या देशाजवळ जमीन आमच्या एखाद्या तालुक्याइतकी नव्हती. जे काही होते ते पाण्याखाली होते.

मी त्या तलावातल्या एका दगडावर बसलो आणि कोर्टाच्या माणसाला सुचेल तोच प्रश्न विचारला, की यात प्रतिवादी कोण. तो म्हणाला, कुणी नाही आणि सगळे जग.

“मग सुनावणीला हजर कोण राहतं?”

“जिसको टिकट मिलता वो, काका.”

शिक्षण पुरे करून तो मायदेशी गेला आणि सरकारी नोकरीत लागला. दर दिवाळीला पत्र येई. पुढे पत्रांची जागा ई-मेलने घेतली आणि मीही चिडत चिडत ते शिकलो. मधल्या काळात आमच्या भागात आणखी दोनदा दुष्काळ पडला. शेंद्र्याकडे कारखाने उभे राहिले, आमच्या गल्लीत बाजरी पाहिलेली माणसे चारच उरली, आणि टँकर नव्या रंगात येतच राहिला. तिकडे तो त्याच्या देशाच्या सागरी हद्दीचे काम पाहणाऱ्या कक्षाचा प्रमुख झाला. कक्ष म्हणजे दोन खोल्या आणि चार माणसे, असे त्याने कळवले होते.

मग एका वर्षी त्याचा लांबलचक ई-मेल आला. त्यांच्या देशाने पाण्याखालच्या जमिनीवरचा दावा पुष्कळ वर्षांपूर्वीच दाखल केला होता. रांग मोठी होती. आता त्यांचा क्रमांक लागला होता. मंडळाची उपसमिती दूर देशी तीन आठवडे बसणार होती, आणि तिच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला देशाच्या वतीने कुणीतरी समोर असणे भाग होते. कुणी गेलेच नाही तर उपसमिती पुढच्या देशाचे कागद उघडणार आणि यांचे बाजूला ठेवणार. पुन्हा पाळी येईपर्यंत तो माझ्या वयाचा झाला असता. आणि नेमके त्याच वर्षी चक्रीवादळाने त्यांची दोन बेटे झोडपून काढली होती. सरकारने अधिकाऱ्यांचे सगळे परदेश दौरे बंद केले होते.

अशा देशांसाठी एक निधी आहे, हे मला तेव्हा कळले. श्रीमंत देश त्यात स्वेच्छेने भर घालतात आणि त्यातून गरीब देशांच्या तज्ज्ञांचा प्रवास आणि मुक्काम भागवला जातो. हे वाचून माझ्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या. कायद्यापुढे सगळे देश समान म्हणायचे आणि त्यांचे हजर राहणे मात्र कुणाच्या मर्जीच्या देणगीवर सोडायचे, याचा मला मनस्वी राग आला. आणि त्याच वेळी, ज्या कुणाच्या डोक्यात हा निधी प्रथम आला त्याला मी मनातून नमस्कार केला. आमच्या दिवाणी कायद्यात निर्धन माणसाला कोर्ट फी न भरता दावा लावता येतो. हक्क देऊन भागत नाही, तो सांगायला दारापर्यंत पोचताही आले पाहिजे, हा विचार ज्यांनी कलमात बसवला त्यांच्याविषयी मला कायम आदर वाटत आला आहे. इथे तोच विचार समुद्राइतका मोठा करून कुणीतरी मांडला होता.

पण त्याचा अर्ज परत आला होता. त्यात तीन माणसांचा खर्च मागितला होता. निधीच्या कार्यालयाने कळवले होते की दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाचे तिथे काम काय ते अर्जावरून दिसत नाही, निधी मर्यादित आहे, सुधारित अर्ज महिनाअखेरपर्यंत आला तरच विचार होईल.

मी तत्काळ पेन्सिल घेतली. गरीब देशाने तीन माणसे मागितली तर यांच्या पोटात दुखते, आणि श्रीमंत देशांची दहा दहा माणसे पाण्याच्या बाटल्या मांडून बसतात, या आशयाची चार पाने झाली. पाचवे पान सुरू करण्यापूर्वी खातरजमा म्हणून मी त्याला फोनवर विचारले की तीन माणसांची गरज नेमकी कशासाठी होती.

त्याने आधी काकूंची चौकशी केली, मग म्हणाला,

“गरज एककीच थी काका. आपनेच सिखाया था ना, जास्त माँगना करके. डेढ़ आदमी कैसे लिखता? दो कम लगे, तो तीन लिखे.”

पत्नी भाजी निवडत होती. फोनवरचे बोलणे तिला ऐकू आले होते. ती मान वर न करता म्हणाली, “पोराला खोड लावली ते लावली. आता आख्ख्या देशाला लावली म्हणायची.”

ती चार पाने मी फाडली. इतकी वर्षे ज्याला मी हुशारी समजत आलो ती मुळात काय होती हे मला प्रथमच दिसले. आमच्याकडे जास्त मागणारा आणि कापणारा दोघेही एकमेकांना ओळखून असतात. दोघांनाही ठाऊक असते की समोरचा खरे बोलत नाही आणि त्या समजुतीवर सगळे सुरळीत चालते. त्या दूरच्या कार्यालयाला हा खेळ माहीतच नव्हता. त्यांनी अर्जातला शब्द खरा मानला आणि तो तपासला. एका देशाची समुद्रातली हद्द त्यामुळे रांगेच्या शेपटाला जाण्याच्या बेतात होती, आणि त्याला कारण मी होतो.

त्या दिवशी मी पेन्सिलीचा मसुदा न करता थेट शाईने लिहिले. निधीच्या कार्यालयाला उद्देशून दोनच परिच्छेद. मी कोण, अर्जदार अधिकाऱ्याशी माझा संबंध काय, आणि पूर्वीच्या अर्जातील जादा मागणीचे मूळ त्या देशाच्या गरजेत किंवा त्या अधिकाऱ्याच्या हेतूत नसून मी त्याला विद्यार्थिदशेत दिलेल्या चुकीच्या सल्ल्यात आहे. तो सल्ला मी मागे घेत आहे. खाली सही केली. हे पत्र मी ई-मेलने पाठवले आणि सवयीने रजिस्टर पोस्टानेही, पोचपावती जोडून.

त्यानंतर त्याला कळवले. मला वाटले होते त्याला बरे वाटेल.

“ये क्या किया आपने काका?” त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “सरकारी फाइल में घर का काग़ज़ डाल दिया.”

त्याचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. दाव्याशी संबंध नसलेल्या तिऱ्हाइताने पत्र लिहून मागणी फुगवलेली होती असे कबूल करायचे, म्हणजे अर्जदाराच्या सचोटीवर आपल्या हाताने शाई सांडायची. कोर्टात कुणी असे केले असते तर मीच त्याला बाहेर काढले असते. पुढचे चार दिवस मी कपाट उघडले नाही. वर्तमानपत्रात चुकीची बातमी दिसली तरी संपादकांना लिहिले नाही. पत्नीने दोनदा विचारले की ताप आहे का.

पाचव्या दिवशी उत्तर आले. मी ते छापून घेतले आहे आणि ते कोणत्याही नस्तीत न ठेवता वेगळे ठेवले आहे. कार्यालयातल्या कुणा अधिकाऱ्याने लिहिले होते की खासगी व्यक्तीचे पत्र अर्जासोबत विचारात घेता येत नाही, त्यामुळे ते अर्जदाराच्या विरुद्धही विचारात घेतले जाणार नाही. सुधारित अर्ज करण्याची मुदत अद्याप शिल्लक आहे. अर्जाचा नमुना संबंधित सरकारकडे पुन्हा पाठवला आहे. आणि शेवटी, आपण आपणहून लिहिलेत याबद्दल आभारी आहोत. एवढेच. नियमाबाहेर एक पाऊल न टाकता माणुसकीने वागता येते, हे मी इतकी वर्षे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून इतक्या स्वच्छ रीतीने क्वचितच पाहिले होते.

मग आम्ही दोघे नव्या अर्जाला बसलो. तो तिकडे, मी इकडे, मध्ये फोन. मी जे वाक्य घालायचो ते तो काढून टाकायचा. तीन दिवसांत अर्ज दीड पानाचा झाला. नमुन्यात एक प्रश्न असा होता: ही व्यक्ती उपस्थित नसेल तर उपसमितीच्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही? मी हयातभर सरकारी नमुने भरले आणि भरून घेतले, पण इतका नेमका रकाना मला कधी भेटला नव्हता. मी त्याला म्हणालो की इथे सविस्तर लिही, तुझी विद्या दाखव.

त्या रकान्यासाठी त्याने दोन दिवस घेतले. नंतर अर्जाची प्रत आली ती उघडून पाहतो तर जाणाऱ्या व्यक्तीच्या जागी त्याचे नाव नव्हते. त्याच्या कक्षातल्या एका कंत्राटी बाईचे होते. ती तंत्रज्ञ म्हणून हंगामी कामाला लागली होती. मिळतील तिथून मागून आणलेली समुद्राच्या खोलीची मापे तिने काही वर्षे एकटीने जुळवली होती. दाव्याच्या मूळ कागदपत्रांवर तिचे नाव कुठेही नव्हते, कारण ती कायम नोकरीत नव्हती.

मी फोन केला आणि मला जे जे म्हणायचे होते ते म्हणालो. हे सगळे मी त्याच्यासाठी केले. ज्या दिवसासाठी तो शिकला तो दिवस आला आणि तो आपली खुर्ची एका हंगामी बाईला देऊन बसतो. वरिष्ठांना काय सांगणार? त्याने सगळे ऐकून घेतले.

“वरिष्ठांचं सोडा काका, दो दिन से वहीच झगड़ रहा हूँ,” तो म्हणाला. “उनको भी बड़ा साब भेजना था.”

“मग तू का नाही?”

“वो ख़ाना मैंने मेरे नाम से भरके देखा. मैं नहीं गया तो कौनसे सवाल का जवाब नहीं मिलेगा? काग़ज़ कोरा रहा.”

मी फोन ठेवून दिला. रागानेच ठेवला. आणि दुपारभर खुर्चीत बसून राहिलो. तेव्हा मला जी बाई आठवली तिच्याबद्दल मी त्यालाच काय, घरातही कधी बोललो नव्हतो.

मी बेलिफ असतानाची ती गोष्ट. करमाडच्या अलीकडे एका धनगर कुटुंबाची थोडी जमीन होती. शहर जवळ येऊ लागले तसा शेजाऱ्याला बांध टोचू लागला आणि त्याने दावा लावला. कोर्टाने मोजणीचा हुकूम केला. ते दुष्काळाचे वर्ष होते आणि धनगर मेंढरे घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाकडे उतरला होता. मी नोटीस घेऊन गेलो तेव्हा घराला कडी होती. त्याची बायको पाण्याला गेली असावी. शेजाऱ्यांनी सांगितले की माणूस दोन महिने येत नसतो. मी नोटीस दारावर चिकटवली, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि निघालो. बजावणी कायद्याने निर्दोष होती. मोजणीच्या दिवशी मी हजर होतो. साखळी पडत असताना धनगराची बायको बांधावर आली आणि म्हणाली की हद्दीचा दगड इथे नाही, त्या बोरीच्या बुडाशी आहे.

“म्या सोत्ता रोवलाय साहेब. उकरून बघा की.”

मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्याने विचारले की दाव्यात तिचे नाव आहे का. नव्हते.

“नाव नाय,” ती म्हणाली. “मेंढरांचं बी नाव नाय कागदात, पर चराईचा दंड घेताव नं?”

पंच हसले. अधिकारीही हसला. मी कागदावर लिहिले, प्रतिवादी गैरहजर. बोरीच्या बुडाशी कुणी उकरले नाही. सगळ्या शेतात दगड कुठे आहे हे ज्या एका माणसाला ठाऊक होते ते माणूस तिथे उभे होते, आणि ते माझ्या रकान्यात बसत नव्हते. धनगर परत आला तेव्हा हरकतीची मुदत सरली होती. त्याची बांधालगतची पट्टी गेली.

मी त्या वेळी नियमाविरुद्ध काही केले नाही. पुन्हा वेळ आली तरी केले नसते, असे मला त्या दुपारपर्यंत वाटत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला आणि त्याला एवढेच म्हणालो की अर्ज आहे तसा पाठव, बाईंचे नाव राहू दे. तो म्हणाला, “कलच भेज दिया, काका.” माझ्या परवानगीसाठी तो थांबला नव्हता. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याला तसे सांगायलाही मी विसरलो नाही.

अर्ज मंजूर झाला. एक माणूस मागितला होता तिथे निधीने एका माणसाचा खर्च दिला. काही कापले नाही. बाईंनी आपल्या देशाबाहेर कधी पाऊल टाकले नव्हते, आणि तिकडे थंडी होती. आपला लोकरीचा कोट त्याने त्यांना दिला, असे त्याने काकूंना कळवले. तो आमच्याच शहरात, गुलमंडीवर घेतलेला होता. पत्नीला त्यातच समुद्राच्या कायद्यातले सगळे मर्म सापडले.

तीन आठवडे तो मला रोज दुपारी निरोप पाठवत असे. पहिल्या दिवशी बाई देशाच्या पाटीमागे एकट्याच बसल्या. उपसमितीने विचारले की उर्वरित शिष्टमंडळ येते आहे का. बाई म्हणाल्या, आले आहे. दुसऱ्या आठवड्यात मुख्य प्रश्न निघाला, की पश्चिम बाजूला उताराचा पायथा इथेच का धरला, बराच अलीकडे का नाही. बाईंनी दुपारपर्यंत वेळ मागून घेतला आणि जवळजवळच्या पाच ठिकाणचे तळाचे छेद एकाखाली एक हाताने काढून आणले. पाचही छेदांत उतार एकाच जागी मोडत होता. एका सदस्याने तो कागद आपल्याकडे ठेवून घेण्याची परवानगी मागितली.

पूर्वेकडच्या दोन प्रश्नांना मात्र बाईंनी सांगितले की याचे उत्तर आमच्याजवळ नाही, तिथली मापेच आम्ही कधी घेऊ शकलो नाही. हे ऐकून तिकडे वरिष्ठ हादरले. बड्या साहेबांना पाठवले असते तर निदान वेळ मारून नेली असती, असे त्याला ऐकवण्यात आले. तो स्वतःही घाबरला आणि त्याने मला फोन केला. मी त्याला धीर दिला, आणि तो खोटा नव्हता. मी कोर्टात साक्षीदारांच्या रांगा पाहिल्या आहेत. जो साक्षीदार एखाद्या प्रश्नाला सरळ ‘माहीत नाही’ म्हणतो, त्याचे उरलेले बोलणे न्यायाधीश त्या क्षणापासून लिहून घेऊ लागतात.

अखेर झाले ते असे. पश्चिमेकडचा पायथा उपसमितीने आपल्या प्राथमिक मतात ग्राह्य धरला. पूर्वेची बाजू उघडी ठेवली आणि मापे सादर करायला मुदत दिली. कागद बाजूला गेले नाहीत, रांग मोडली नाही. परतल्यावर निधीच्या नियमाप्रमाणे बाईंना अहवाल द्यावा लागला आणि त्याने त्याची एक प्रत मला वाचायला पाठवली. किती प्रश्न विचारले, किती उत्तरे दिली, किती देता आली नाहीत, हे सगळे त्यात एकाच सुरात लिहिलेले आहे. खाली सही बाईंची आहे, आणि सहीखाली हुद्दा लिहिलेला आहे: हंगामी.

त्या एका शब्दावरून मी त्यांच्या मंत्रालयाला पत्र लिहायला घेतले होते. त्याने मला आवरले. कायम नेमणुकीचा प्रस्ताव त्याने स्वतःच वर पाठवला आहे, आणि सरकारी फायलीत पुन्हा घरचा कागद त्याला नको आहे. मी थांबलो आहे. किती दिवस थांबेन ते सांगता येत नाही.

पूर्वेकडची मापे घ्यायला जहाज लागेल. जहाज त्यांच्याकडे नाही. त्यासाठी मदत मागणारा नवा अर्ज बाईंनी स्वतः लिहिला आणि गेल्या आठवड्यात तो माझ्याकडे नजरेखालून घालण्यासाठी आला. एक जहाज, एक हंगाम, दोन माणसे, आणि प्रत्येकापुढे त्याचे काम. मी तो चष्मा लावून तीनदा वाचला, पेन्सिल हातात होती. बदलण्यासारखे काही सापडले नाही, तसे मी त्यांना त्याच दिवशी उत्तर दिले.